लडाखच्या तळ्यांकडे, एकट्यानं, बाईकवर: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

लडाखी भाषेत ‘त्सो’ म्हणजे तळं आणि ‘ला’ म्हणजे खिंड. पँगाँग त्सो, त्सो मोरीरी आणि त्सो कार ही चांगथांग पठारावरची तीन मोठी तळी एका फेरीत बघता येतात. पँगाँग सव्वाचार हजार मीटरवर आहे, बाकी दोन साडेचार हजारांच्या थोडी वर. लेहजवळचं कारू सोडलं की तळ्यांना वळसा घालून परत कारूला येईपर्यंत साधारण साडेपाचशे किलोमीटर होतात. मध्ये भरवशाचा पेट्रोलपंप नाही असं धरूनच निघायचं. चार-पाच जणांच्या गटात एकाचं पेट्रोल संपलं तर दुसऱ्याच्या टाकीतून नळी लावता येते, आणि एकजण उंचीमुळे विचित्र बोलायला लागला तर बाकीच्यांच्या लक्षात येतं. एकट्याला किंवा एकटीला हे दोन्ही प्रश्न घरीच, कागद-पेन घेऊन सोडवावे लागतात. रात्री किती उंचीवर झोपायचं आणि बरोबर किती पेट्रोल ठेवायचं, हे दोन हिशेब पक्के असतील तर बाकीच्या चुका निभावून नेता येतात.

कधी जायचं

जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत. जूनमध्ये खिंडींच्या दोन्ही अंगांना बर्फाच्या भिंती दिसतात, पण वितळणारं पाणी रस्त्यावरून वाहत असतं. जुलै-ऑगस्टमध्ये लडाखमध्ये पाऊस कमी असला तरी तिथे पोचण्याच्या वाटेवर, म्हणजे हिमाचलात, दरडी कोसळतात आणि दोन-दोन दिवस रस्ता बंद राहतो. पहिल्यांदाच आणि एकट्यानं जाणाऱ्यांनी सप्टेंबरचे पहिले तीन आठवडे धरावेत. नाल्यांचं पाणी उतरलेलं असतं, आकाश स्वच्छ असतं, गर्दी ओसरलेली असते. मोबदल्यात त्सो मोरीरीच्या काठच्या कोरझोकला पहाटे पारा शून्याखाली जातो, ती थंडी सोसायची तयारी ठेवा.

रजा मोजताना श्रीनगरपासून मनालीपर्यंत किमान चौदा दिवस धरा, त्यात दोन दिवस पूर्ण मोकळे. परतीचं तिकीट घट्ट असेल तर माणूस डोकं दुखत असतानाही खिंड चढतो. बहुतेक प्रकरणं तिथूनच बिघडतात.

गाडी

कोणती गाडी, यावर लोक रात्र रात्र वाद घालतात. साडेतीनशे-चारशे सीसीची कोणतीही धडधाकट गाडी चालते, दोनशे सीसीचीही चालते. ती तुम्हाला ओळखीची हवी, आणि आडवी पडल्यावर सामान उतरवून एकट्यानं उभी करता यायला हवी. घराजवळच्या मैदानात ती मुद्दाम गवतावर आडवी घाला आणि उचलून बघा. गाडीकडे पाठ करा, गुडघे वाकवून टेका, एक हात हँडलला, दुसरा मागच्या कॅरियरला, आणि पायांच्या जोरावर मागे ढकलत छोटी पावलं टाका. गाडी उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड उघडून ठेवा, नाहीतर ती उभी होऊन पलीकडे कलंडते. गिअरमध्ये ठेवली की घसरत नाही. कंबरेतून ओढायचा प्रयत्न केला तर पाठ जाईल, आणि ४,५०० मीटरवर दुखरी पाठ घेऊन पुढे जाता येत नाही.

उंचीवर ताकद का जाते, हे समजून घ्या म्हणजे घाबरायला होत नाही. लेहला, ३,५०० मीटरवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६५ टक्के असतो आणि चांग ला खिंडीत निम्म्यापेक्षा जेमतेम जास्त. इंजिनला मिळणारी हवाच तेवढी असते. घरी २४ अश्वशक्ती देणारं इंजिन खिंडीत १३-१४ वर येतं. फ्युएल इंजेक्शनची गाडी पेट्रोल आपोआप कमी करते. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल तेवढंच येत राहतं, त्यामुळे ती काळा धूर सोडते, गुदमरते आणि प्लग काळा पडतो. एअर फिल्टर नवा घाला आणि काळा पडलेला प्लग बदलायला एक जास्तीचा जवळ ठेवा. चढावर नवशिक्यांचं खरं नुकसान हाफ क्लचनं होतं. वळणावर गाडी दमते, माणूस दुसऱ्यातच क्लच अर्धा दाबून रेस देत राहतो आणि क्लच प्लेटा जळतात. जळका वास आला की थांबा, इंजिन गार होऊ द्या. वळणाच्या आधीच पहिल्यात या आणि क्लच पूर्ण सोडा.

सर्व्हिसिंग निघण्याच्या आदल्या दिवशी करू नका. तीन आठवडे आधी करा आणि मग पूर्ण सामान लादून तीनशे-चारशे किलोमीटर फिरा. ताम्हिणी, माळशेज, आंबोली, कोणताही घाट चालेल, पाऊस असेल तर अजून उत्तम. सैल बसलेला नट, नीट न बसलेली ट्यूब, पाठीला टोचणारी बॅग हे सगळं तिथेच कळतं. मात्र सह्याद्रीत उंचीचा सराव होत नाही. कळसूबाई १,६४६ मीटर आहे, लेहचा बाजार त्याच्या दुपटीहून उंच.

टायर आणि सुटे भाग

टायर अर्ध्याहून जास्त झिजलेले असतील तर बदला. ट्यूबलेस असतील तर पंक्चरचं किट आणि भोकात भरायच्या किमान दहा रबरी वाती घ्या. ट्यूबवाले असतील तर पुढची आणि मागची एकेक ट्यूब, तीन टायर लिव्हर आणि चाक काढायचे पाने घ्या. मागचं चाक काढून, ट्यूब बदलून, चेन सरळ रेषेत आणून परत बसवणं हे घरी दोनदा करा. पहिल्यांदा दोन तास लागतात, दुसऱ्यांदा पाऊण तास. हातपंपानं तिथे हवा भरताना धाप लागते, म्हणून बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर घ्या. त्याची किंमत वसूल होते.

टायरमधली हवा उंचीवर ‘वाढलेली’ दिसते, यानं बरेचजण गोंधळतात. गेज बाहेरच्या हवेशी तुलना करतं. घरी २९ पीएसआय भरलेल्या टायरचं गेज ५,३०० मीटरवर, तापमान तेच राहिलं तर, ३६ च्या आसपास दाखवेल. थंडीमुळे त्यातले तीन-चार कमी होतात. टायर टणक राहिला की खडीवर गाडी उड्या मारते. लेहला पोचल्यावर सकाळी, गाडी सुरू करायच्या आधी, हवा मोजा आणि कंपनीनं सांगितलेल्या आकड्यावर आणा.

बाकी पिशवीत काय हवं: क्लच वायर, ॲक्सिलरेटर वायर, क्लच आणि ब्रेकचे लिव्हर, फ्यूज, चेनची जोडकडी, चेन ल्यूब, अर्धा लिटर इंजिन ऑइल, केबल टाय, बांधायची तार, चिकटपट्टी आणि एम-सील. एम-सील हसण्यावारी नेऊ नका. दगड लागून इंजिनच्या केसला चीर गेली आणि ऑइल गळायला लागलं, तर तिथला भाग पेट्रोलनं पुसून, कोरडा करून, मळलेलं एम-सील दाबून बसवायचं आणि दोन तास वाळू द्यायचं. लेहपर्यंत गाडी येते. नवी क्लच वायर तर जुन्या वायरीच्या शेजारूनच आधी ओढून ठेवावी. तुटली की फक्त दोन टोकं अडकवायची, पाच मिनिटांचं काम.

सामान एकूण वीस किलोंच्या आत ठेवा आणि जड वस्तू खाली, चाकाच्या आसाजवळ. लवचिक दोऱ्यांपेक्षा पट्ट्या बऱ्या, कारण खडीवर दोऱ्या ताणतात आणि बॅग सरकत सरकत सायलेन्सरवर जाते. कपड्यांत एक जाड जॅकेट घेण्यापेक्षा तीन थर घ्या: अंगाला थर्मल, वर फ्लीस, त्यावर वारा आणि पाणी अडवणारं रायडिंग जॅकेट. हातमोजे दोन जोड, कारण एक भिजतोच.

गाडी वर न्यायची कशी

पुणे-मुंबईहून दिल्लीपर्यंतचा चौदाशे-पंधराशे किलोमीटरचा हायवे चालवण्यात चार दिवसांची रजा आणि बरीचशी ताकद जाते. रेल्वेनं पाठवणं शहाणपणाचं. पुण्याहून जम्मू तावीला थेट झेलम एक्स्प्रेस आहे. स्टेशनवरच्या पार्सल ऑफिसात आरसीची प्रत आणि ओळखपत्र द्यावं लागतं, टाकी पूर्ण रिकामी लागते, आणि गाडी गोणपाटात बांधून घ्यावी लागते. आरसे काढून स्वतःजवळ ठेवा, लिव्हरला जुनं कापड गुंडाळा, टाकीवर पुठ्ठा बांधा. स्टेशनांची नावं आणि तुमचा नंबर ठळक अक्षरांत दोन ठिकाणी लिहा. गाडी तुमच्याच ट्रेननं येईल असं धरू नका, दोन-तीन दिवसांची सवड ठेवा.

भाड्यानं घ्यायची असेल तर मनाली किंवा श्रीनगरहून घेऊ नका. बाहेरून आणलेल्या भाड्याच्या गाड्या लेहचे भाडेव्यावसायिक पँगाँग, नुब्रा, त्सो मोरीरीच्या वाटेवर अडवतात. लेहपर्यंत येता येतं, पुढे तिथलीच गाडी घ्यावी लागते. स्वतःची गाडी असेल तर आरसी स्वतःच्या नावावर असावी. वडिलांच्या किंवा भावाच्या नावावर असेल तर नातं दाखवणारा कागद आणि संमतिपत्र जवळ ठेवा.

दोन गोष्टी लोक विसरतात. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेडच लागतं. निघण्याआधी आठवडाभर बदलून घ्या. दुसरी गोष्ट सॅटेलाइट फोनची. परदेशी रायडर एकट्यानं फिरताना तो किंवा संदेश पाठवणारं तसंच यंत्र बाळगतात, पण भारतात परवानगीशिवाय ते बाळगणं गुन्हा आहे आणि सीमाभागात तर थेट अटक होऊ शकते. ऑनलाइन परदेशी सल्ले वाचून मागवू नका.

चढायचं श्रीनगरकडून, उतरायचं मनालीकडे

हा क्रम बदलू नये. श्रीनगर १,६०० मीटरच्या आसपास, कारगिल २,७०० च्या थोडं खाली, लेह ३,५००. वाटेत झोजी ला ३,५२८ आणि फोटू ला ४,१०८ मीटर आहे, पण तिथे झोपायचं नसतं, ओलांडून उतरायचं असतं. शरीराला सवय लागत जाते. मनालीकडून चढलात तर लेहच्या आधीच सरचू किंवा पांग इथे, म्हणजे ४,३०० ते ४,६०० मीटरवर रात्र काढायची वेळ येते. २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून तर मनालीहून चढाई आणखी वेगानं होते, कारण एका दिवसात फार पुढे जाता येतं.

श्रीनगर ते कारगिल साधारण दोनशे किलोमीटर. सकाळी सहाला निघा. सोनमर्गच्या अलीकडचा बोगदा जानेवारी २०२५ मध्ये खुला झाला आहे, पण झोजी ला अजून वरूनच ओलांडावी लागते. पाऊस झालेला असेल तर तिथे लोण्यासारखा चिखल असतो आणि समोरून ट्रक येतात. डोंगराच्या बाजूनं चालवा, दरीच्या कडेचा काठ ठिसूळ असतो. दुसऱ्या दिवशी कारगिल ते लेह, रस्ता सुरेख आहे. थकवा वाटला तर लामायुरूला मुक्काम करा.

लेहमधल्या दोन रात्री

पहिल्या दिवशी काहीही करू नका. खरोखर काहीही नाही: बाजार नाही, शांती स्तूपाच्या पायऱ्या नाहीत. झोपा, पाणी प्या, गरम थुक्पा (नूडल्सचं सूप) खा. दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळा, दोन्हींनी झोपेतला श्वास मंदावतो. दुसऱ्या दिवशी हवं तर ठिकसे मठापर्यंत सावकाश फेरी.

अ‍ॅसिटाझोलामाइड, म्हणजे डायमॉक्सची गोळी, प्रतिबंध म्हणून साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, चढायच्या आदल्या दिवसापासून. पण ती घरच्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर ती चालत नाही, आणि तिच्यामुळे लघवी वाढते, बोटांना मुंग्या येतात. बोटं बधिर वाटून घाबरू नका, आणि पाणी कमी करू नका. गोळी घेतली म्हणून उंचीचे नियम माफ होत नाहीत.

याच दिवसांत कागदपत्रं उरका. पर्यावरण शुल्क आणि सीमाभागातल्या मार्गाची नोंद लेह प्रशासनाच्या संकेतस्थळावर होते. नियम वारंवार बदलतात, म्हणून लेहच्या पर्यटन कार्यालयात जाऊन चुशुल-लोमा मार्ग त्या आठवड्यात खुला आहे का, हे तोंडी विचारून घ्या. पावतीच्या पाच-सहा छापील प्रती काढा, नाक्यांवर मोबाइलवरचा फोटो चालत नाही. रोख पैसेही इथेच काढा. पुढे नेटवर्क नाही तिथे यूपीआय नाही.

पेट्रोलचा हिशेब

तुमची गाडी एरवी लिटरला ३० देत असेल तर इथे २५ धरा: पहिला-दुसरा गिअर, वाळू, सकाळी इंजिन गरम करणं. साडेपाचशे भागिले पंचवीस, म्हणजे बावीस लिटर. त्यावर चौथाई राखीव. एकूण साडेसत्तावीस. टाकी पंधराची असेल तर साडेबारा लिटर कॅनमध्ये हवं. पाच लिटरचे दोन आणि अडीचचा एक, असे दोन्ही बाजूंना विभागून बांधा. चुमाथांग, न्योमा अशा गावांत दुकानांत बाटलीतलं पेट्रोल कधी कधी मिळतं, पण त्याच्या भरवशावर निघायचं नाही.

कॅन काठोकाठ भरू नका, चार बोटं जागा सोडा. खिंडीत बाहेरचा दाब कमी झाला की कॅन आतून फुगतो, हाताला टणक लागतो. झाकण एकदम फिरवलं तर पेट्रोलची वाफ आणि फवारा गरम इंजिनवर येतो. इंजिन बंद करून गार होऊ द्या, कॅन गाडीपासून दूर जमिनीवर ठेवा, पाव आटा फिरवा, फुस्स आवाज थांबू द्या, मग उघडा. टाकी अर्धी झाली की लगेच कॅन रिकामे करत जा. वजन उतरतं आणि गळतीची काळजीही संपते.

फेरी, मुक्कामानुसार

उंचीवरचा साधा नियम असा: ३,००० मीटरच्या वर झोपायची उंची रोज पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये. बहुतेक लोक लेहहून एका दिवसात थेट पँगाँगला जाऊन झोपतात, म्हणजे सव्वासातशे मीटरची उडी, आणि रात्रभर डोकं धरून बसतात. खालचा क्रम तो नियम पाळून बसवला आहे.

पहिला दिवस, लेह ते टांगत्से. कारूला टाकी आणि कॅन भरा, सक्तीमार्गे चांग ला चढा. खिंड ५,३०० मीटरहून उंच आहे, फोटो काढून पंधरा-वीस मिनिटांत उतरा. टांगत्से ३,९०० च्या थोडं वर, नदीकाठचं निवांत गाव. दुपारी एकलाच पोचाल आणि पुढे जायचा मोह होईल. तिथेच झोपा. त्याला एक ठोस कारण आहे: पँगाँगच्या काठावर रात्री त्रास झाला तर लेहला परतायला पुन्हा चांग ला चढावी लागते. म्हणून डोकं दुखत असेल तर तळ्याकडे जायचंच नाही, एक रात्र टांगत्सेत वाढवायची.

दुसरा दिवस, टांगत्से ते मेराक. लुकुंगच्या अलीकडे ‘पागल नाला’ आहे, नाव त्याच्या दुपारच्या पाण्यामुळे पडलं. लुकुंगनंतर तळं समोर येतं: सुमारे १३४ किलोमीटर लांब, त्यातला एक तृतीयांश भाग आपल्याकडे. स्पांगमिकच्या तंबूंच्या गर्दीत थांबू नका, मान किंवा मेराकपर्यंत या आणि घरगुती मुक्काम घ्या. गाडी पाण्यापर्यंत नेऊ नका. त्यासाठी दंड होतो, आणि काठावरची जमीन वरून कडक दिसली तरी खाली दलदल असते, चाक आसापर्यंत रुतलं की एकट्यानं निघत नाही.

तिसरा दिवस, मेराक–चुशुल–लोमा–न्योमा. फेरीतला सर्वात एकाकी पट्टा हाच, तासन् तास माणूस दिसत नाही. चुशुलच्या पुढे रेझांग ला स्मारक आहे. १८ नोव्हेंबर १९६२ ला मेजर शैतान सिंग यांच्या चार्ली कंपनीचे ११४ जवान इथे लढता लढता पडले. थांबा, हेल्मेट काढा. लष्करी तळ, पूल, वाहनं यांचे फोटो नकोत, ड्रोन तर आणूच नका. न्योमा ४,२०० च्या आसपास, म्हणजे आदल्या रात्रीइतकंच.

चौथा दिवस, न्योमा–माहे–सुमडो–कोरझोक. माहेच्या पुलाशी कागद दाखवायचे, नामशांग ला नावाची छोटी खिंड, मग क्यागर त्सो हे निळं तळं, आणि शेवटी ४,५२२ मीटरवरचा त्सो मोरीरी. २००२ पासून हे रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, काठावर तंबू ठोकायला मनाई आहे, कोरझोक गावात राहायचं. तब्येत उत्तम असेल तर इथे एक दिवस जास्त द्या. तळी भराभर ‘उरकण्या’पेक्षा एका तळ्यावर पूर्ण दिवस प्रकाश बदलताना बघणं कितीतरी मोलाचं आहे.

शेवटचा दिवस, सुमडोला परत, पुगाचे गंधकाचे गरम झरे, पोलोकोंका ला, त्सो कार. काठावर मिठाची पांढरी साय, दलदलीत काळ्या मानेचे करकोचे, पठारावर कियांग म्हणजे जंगली गाढवांचे कळप. त्यांच्या मागे गाडी पळवू नका. उंचीवर दमलेला प्राणी लवकर सावरत नाही, आणि पठारावर उठलेली चाकोरी वर्षानुवर्षं पुसत नाही. डेब्रिंगला मुख्य रस्ता लागतो, तंगलंग ला ओलांडून उपशी, कारू. इथून थेट पांग-मनालीकडे वळायचा विचार करू नका, पेट्रोलचा हिशेब त्यासाठी मांडलेलाच नाही.

नाला ओलांडताना

बर्फ उन्हानं वितळतो, म्हणून पहाटे घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी तीनला गुडघ्यापर्यंत येतं. अकराच्या आत नाले मागे टाका. उशीर झाला तर पलीकडे जायचा हट्ट नको. रात्र काढून सकाळी जा.

समोर नाला आला की उतरा, दोन मिनिटं बघा. सर्वात गुळगुळीत दिसणारं पाणी सर्वात खोल असतं. जिथे लहान लहान लाटा फुटतात तिथे खाली दगड असले तरी ते उथळ असतं. खात्री नसेल तर बूट घालूनच काठी घेऊन चालत जा. गुडघ्याच्या वर पाणी आणि जोराची ओढ असेल तर एकट्यानं जायचं नाही, ट्रकची वाट बघा, ड्रायव्हर मदत करतात. जायचं ठरलं की पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडलेला, रेस एकसारखी, नजर पलीकडच्या काठावर. मध्येच क्लच दाबला की गाडी थबकते, पाय खाली जातो आणि गोट्यांवरून घसरतो. नवशिक्या पडतो तो इथेच. पलीकडे गेल्यावर ब्रेक दोन-चारदा हलके दाबून सुकवा.

गाडी पाण्यात पडली तर आधी किल-स्विचनं इंजिन बंद. पुन्हा सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टन त्याला दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी बाहेर काढा, एअर फिल्टर उघडून त्यातलं पाणी काढा, प्लग काढा, मग काही सेकंद सेल्फ मारा. भोकातून पाणी उडून जाईल. फवारा थांबल्यावर प्लग पुसून बसवा.

वाळूत याच्या उलट चूक होते, लोक घाबरून पुढचा ब्रेक दाबतात आणि हँडल वळून पडतात. फूटपेगवर उभे राहा, वजन मागे, रेस सोडू नका, पुढचं चाक थोडं डुलू द्या.

त्रास ओळखायचा कसा

रोज सकाळी निघण्याआधी जमिनीवरच्या एका सरळ रेषेवरून, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावत, दहा पावलं चाला. तोल गेला तर गाडीवर बसायचं नाही. तो मेंदूला सूज येत असल्याचा इशारा असू शकतो, आणि तशा स्थितीत माणसाला आपण ठीक आहोत असंच वाटतं. डोकेदुखी, मळमळ, भूक जाणं ही सौम्य लक्षणं: त्याच उंचीवर थांबा, बरं वाटेपर्यंत वर जाऊ नका. बसल्या जागी धाप लागणं, खोकल्यातून फेस किंवा गुलाबी थुंकी येणं म्हणजे फुप्फुसात पाणी. यावर इलाज खाली उतरणं आणि ऑक्सिजन, आणि तेही स्वतः गाडी चालवत नाही. घरमालकाला उठवा, टॅक्सी किंवा लष्कराची मदत घ्या. टांगत्से आणि न्योमाला सरकारी आरोग्य केंद्र आहे, मोठं रुग्णालय लेहचं सोनम नुर्बू. दुकानात मिळणारा ऑक्सिजनचा छोटा डबा काही मिनिटांत संपतो, त्याच्या जोरावर रात्र काढायचा बेत करू नका.

एकट्याची दिनचर्या

दुपारी तीनच्या आत मुक्कामी. त्यानंतर वारा सुटतो आणि पाणी चढतं. शिवाय बिघाड झालाच तर हाताशी उजेडाचे तीन तास हवेत. सकाळी निघताना घरमालकाला पुढचं गाव आणि पोचायची वेळ सांगा, त्यांचा नंबर घ्या, पोचल्यावर लँडलाइन, कुणाचा फोन, जे मिळेल त्यावरून कळवा. घरच्यांनाही आधीच सांगून ठेवा की दोन दिवस संपर्क नसणं नेहमीचं आहे, तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत निरोप नाही आला तर चौकशी करायची. जॅकेटच्या आतल्या खिशात हिंदी-इंग्रजीत कागद: नाव, रक्तगट, औषधांची अ‍ॅलर्जी, दोन फोन नंबर. गाडी बंद पडली तर ती सोडून चालत निघू नका. रस्त्यावर गाडी दुरूनही दिसते, पठारावरचा चालता माणूस दिसत नाही. दोन लिटर पाणी, सुका मेवा आणि संकटात ऊब टिकवणारी पातळ चादर (इमर्जन्सी ब्लँकेट) कायम अंगाजवळच्या बॅगेत.

रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं गाडीला द्या. खडीच्या रस्त्यावरच्या लाटांसारख्या उंचवट्यांमुळे नट सुटतात: नंबरप्लेट, आरसे, कॅरियर, सायलेन्सर, साखळीचं गार्ड. हात फिरवून प्रत्येक हलवून बघा. चेन गरम असतानाच ल्यूब मारा. गाडी पूर्वेकडे तोंड करून लावा, सकाळचं ऊन इंजिनवर पडतं. थंडीत सेल्फ पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा, नाहीतर बॅटरी बसते. साडेचार हजार मीटरवर पाणी ८५ अंशांवरच उकळतं, म्हणून चहा लवकर उकळतो पण भात कुकरशिवाय शिजत नाही. तेव्हा घरमालकीण जेवायला उशीर लावतेय असं समजू नका, आणि ‘जुले’, म्हणजे लडाखी नमस्कार, म्हणायला विसरू नका.

परत येताना

लेहला एक रात्र विश्रांती घ्या, कारूला टाकी पुन्हा काठोकाठ. मनालीकडे पुढचा नक्की पंप तांदीला धरा, म्हणजे सव्वातीनशेहून अधिक किलोमीटर, तेव्हा एक पाच लिटरचा कॅन भरलेला राहू द्या. आता सरचूला झोपलात तरी चालतं, शरीर तयार आहे, पण जमल्यास पहाटे निघून जिस्पा गाठायला बघा. गाटा लूप्सच्या २१ वळणांवर उतार आहे, गिअरवर उतरा, सतत ब्रेक दाबून ठेवलात तर डिस्क तापून ब्रेक पोकळ होतो. मनालीत पोचल्यावर आणि गाडी रेल्वेत चढवण्याआधी एअर फिल्टर साफ करा, चाकांचे बेअरिंग हातानं हलवून बघा, आणि घरी गेल्यावर शंभर किलोमीटर चालवायच्या आत ऑइल बदला. चांगथांगची धूळ पिठासारखी बारीक असते, ती पहिल्याच ऑइलबरोबर बाहेर गेलेली बरी.